बायॉलॉजीच्या तासाला देव आला, तर आईने काय करावं?

पत्र आलंय डॅलसजवळच्या एका उपनगरातून. लिहिणारी मूळची सांगलीची. थोडं आटोपून देते.

«नमस्कार ताई,
मुलगी नववीत आहे, मुलगा दुसरीत. दोघंही इथल्या सरकारी शाळेत. मागच्या महिन्यात लेकीच्या बायॉलॉजीच्या बाईंनी उत्क्रांतीचा भाग सुरू करताना वर्गात सांगितलं, "ही फक्त एक थिअरी आहे. मी स्वतः मानते की हे सगळं देवाने घडवलं. पण परीक्षेत येतं, म्हणून शिकून घ्या." लेक घरी येऊन विचारते, "आई, मग आपण काय मानतो?" धाकट्याच्या वाचनाच्या पुस्तकात बायबलमधल्या राणी एस्तेरची गोष्ट आहे आणि वर्गाच्या भिंतीवर त्यातल्याच दहा आज्ञा. नवरा म्हणतो, वकील गाठू. मला वाटतं, ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना कशाला नसती भानगड. त्यात सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. ते म्हणतात, "त्यांचं काय चुकलं? धर्म शाळेतच शिकवायला हवा, आपल्याकडेच सगळ्यांना लाज वाटते. आणि डार्विनचं कौतुक मला सांगू नका, आपले दशावतार म्हणजेच उत्क्रांती." रोज जेवताना वाद. शाळेत धर्म शिकवावा का, आणि मी नेमकं काय करू?»

वकिलाचा विषय आधी मिटवते, कारण घरात जास्त तणतण त्यावरूनच चाललेली दिसते. आत्ता तरी नको. शिक्षिकेने स्वतःची श्रद्धा एका वाक्यात बोलून दाखवली, एवढ्यावर खटला उभा राहणं कठीण, आणि राहिलाच तर निकाल लागेपर्यंत लेक कॉलेजात पोहोचलेली असेल. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा कलही बदललाय. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका फुटबॉल कोचने सामना संपल्यावर मैदानात गुडघे टेकून केलेल्या प्रार्थनेला न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी संरक्षण दिलं. ते सरकारी शाळेतलेच कोच होते. तेव्हा तुमच्या यजमानांना वाटतं तितकं हे प्रकरण सोपं नाही.

पण वकील नको म्हणजे गप्प बसा, असंही नाही. मुलं शाळेत काय शिकतात हे पाहण्याचा पालकांचा हक्क टेक्ससच्या शिक्षण कायद्यात लिहिलेला आहे, आणि तो व्हिसा बघून मिळत नाही. शिक्षिकेला एक सभ्य ईमेल पाठवणं ही भानगड नव्हे. तो कसा लिहायचा ते शेवटी सांगते.

आता बाईंची तीन वाक्यं. त्यातलं मधलं मला अजिबात खुपत नाही. टेक्ससमधली एक बाई देव मानते, यात बातमी काय? खुपतं ते तिसरं. परीक्षेत येतं म्हणून शिकून घ्या, हे ऐकलं की मुलांना कळतं की या वर्गात पेपरात लिहायचं एक असतं आणि खरं मानायचं दुसरंच. हे वाक्य ऐकायला टेक्ससपर्यंत जायची गरज नाही म्हणा. सांगलीच्या शाळेत ग्रहणाचा धडा पाठ करून घरी ग्रहण सुटेपर्यंत पाण्याचा घोट न घेणारी पोरं तुमच्याही वर्गात असतील. राहिलं पहिलं वाक्य. जंतूंमुळे रोग होतात हीसुद्धा थिअरीच, आणि तिच्या भरवशावर आपण मुलांना दंडावर लस टोचून घेतो. यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

मात्र हे "फक्त एक थिअरी" बाईंना आपसूक सुचलेलं नाही. त्यामागे शंभर वर्षांची कोर्टकचेरी आहे, आणि ती माहीत असली की बाईंचा राग येण्याऐवजी ही वाक्यं कुठून आली ते कळतं. १९२५ च्या जुलैमध्ये टेनेसीतल्या डेटन गावात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला आणि त्याला १०० डॉलर दंड झाला. दंड पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला, कायदा मात्र १९६७ पर्यंत तसाच होता. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सासचा तसाच कायदा मोडीत काढला. बंदी घालता येईना, तेव्हा दुसरी वाट निघाली: उत्क्रांती शिकवायची तर शिकवा, पण तेवढाच वेळ क्रिएशनिझमलाही द्या, म्हणजे देवाने सगळे प्राणी आहेत तसेच घडवले हे "विज्ञान" म्हणून शिकवा. लुइझियानाचा असा कायदा १९८७ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी रद्द झाला.

मग पेनसिल्वेनियातलं डोव्हर. ही गोष्ट लेकीला जरूर सांगा, कारण तीही नववीच्याच वर्गातली आहे. २००४ च्या शेवटी तिथल्या स्कूल बोर्डाने ठरवलं की बायॉलॉजीच्या तासाआधी नववीच्या मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनचं म्हणणं ही थिअरी आहे, वस्तुस्थिती नव्हे, तिच्यात त्रुटी आहेत, आणि दुसरी बाजू जाणून घ्यायची असेल तर "इंटेलिजंट डिझाइन"वरचं, म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्यानेच घडवले या मतावरचं, एक पुस्तक लायब्ररीत ठेवलंय. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला साफ नकार दिला. शेवटी कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना वर्गात येऊन वाचावं लागलं. अकरा पालक कोर्टात गेले.

खटल्यात त्या पुस्तकाचे जुने मसुदे बाहेर आले, आणि तिथे खरी गंमत आहे. १९८७ च्या निकालाआधीच्या मसुद्यांत जागोजागी "क्रिएशनिस्ट" असा शब्द होता. निकालानंतरच्या मसुद्यांत तो खोडून "डिझाइन प्रोपोनंट्स" (डिझाइनचे पुरस्कर्ते) घातला होता, व्याख्या मात्र तीच. एका ठिकाणी तर खोडाखोडही नीट झाली नव्हती. जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेवटचा तुकडा तसाच राहिला होता आणि नवे शब्द त्यांच्या मधोमध बसले होते. पाटी बदलली, दुकान तेच.

बोर्डाच्या बाजूने साक्ष द्यायला आलेले मायकेल बीही हे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. उलटतपासणीत त्यांना विचारलं गेलं, विज्ञानाच्या थिअरीची तुमची व्याख्या धरली तर ज्योतिषही त्यात बसेल का? त्यांना हो म्हणावं लागलं. मराठी वाचकाने इथे जरा थांबावं. आपल्याकडे ज्योतिष विज्ञानात बसवायला कुणाच्या उलटतपासणीची गरज पडली नाही. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिषाचे अभ्यासक्रम विद्यापीठांत आणले आणि २००४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याला हरकत घेतली नाही. त्यावर पुण्यात उत्तर शोधलं गेलं ते भाषण ठोकून नव्हे, तर मोजून. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या जन्मवेळा जमवल्या, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या. एकेका ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातलं कोण कुठलं? २७ ज्योतिषांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. छापा-काटा केला असता तर ५०.

डोव्हरचा निकाल २० डिसेंबर २००५ ला लागला, १३९ पानांचा. न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन, बुश यांनी नेमलेले. त्यांनी लिहिलं की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, क्रिएशनिझमचंच दुसरं रूप आहे, आणि ते सरकारी शाळेच्या विज्ञानाच्या तासात शिकवता येणार नाही. निकालाच्या आधीच, नोव्हेंबरमध्ये, गावाने बोर्डावरच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या आठही जणांना घरी बसवलं होतं. नव्या बोर्डाच्या गळ्यात पडलं ते फिर्यादींच्या वकिलांचं दहा लाख डॉलरचं बिल.

टेक्ससचं स्वतःचंही एक प्रकरण आहे. तिथे राज्याचं शिक्षण मंडळ १५ जणांचं, लोकांनी निवडून दिलेलं. वैज्ञानिक सिद्धांतांची "बलस्थानं आणि उणिवा" शिकवाव्यात असं एक कलम अभ्यासक्रमात वर्षानुवर्षं होतं. वरवर निरागस, पण वापर बहुतेक उत्क्रांतीच्याच वेळी व्हायचा. २००९ मध्ये ते निघालं, मोठ्या भांडणानंतर. तेव्हाचे अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर होते आणि स्वतःला उघडपणे क्रिएशनिस्ट म्हणवत. आता उत्क्रांती अभ्यासक्रमात आहे आणि बायॉलॉजीच्या राज्य परीक्षेत तिच्यावर प्रश्नही येतात. म्हणजे बाईंनी तो भाग नीट शिकवला नाही तर नुकसान तुमच्या मुलीच्या मार्कांचंही आहे. ईमेलमध्ये हाच धागा कामाला येईल.

तर, लेकीचा प्रश्न: आपण काय मानतो? बाईंच्या श्रद्धेसमोर आपली श्रद्धा ठेवायचा मोह आवरा. तिला एक पुरावा दाखवा, आणि तो तिला स्वतःला तपासता यावा असा असू द्या. मी असते तर दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दाखवलं असतं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. आपला आणि त्यांचा पूर्वज एक असेल, तर एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी गळून पडली असती तर प्राणी जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळली असली पाहिजेत. आणि जुळली असतील तर खूण राहायला हवी. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला एक ठरावीक अक्षरमाला पुन्हा पुन्हा येते, आणि आत कुठेतरी एक सेंट्रोमियर असतो, जिथे पेशी विभागताना धागे पकडतात. मग जुळलेल्या गुणसूत्राच्या पोटात टोकाची अक्षरमाला सापडायला हवी आणि सेंट्रोमियर दोन हवेत, एक चालू, एक निकामी. शास्त्रज्ञांना जुळणीचा अंदाज आधीच आला होता. १९९१ मध्ये माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्राच्या पोटात ती टोकाची अक्षरमाला सापडली, उलटसुलट, एकमेकींना भिडलेली. निकामी सेंट्रोमियरचे अवशेषही आहेत.

डोव्हरच्या कोर्टात हे समजावून सांगितलं केनेथ मिलर यांनी. शाळेच्या बायॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकाचे लेखक, आणि नेमाने चर्चला जाणारे कॅथलिक. बाईंच्या मधल्या वाक्यावर आक्षेप का नको, हे मुलीला कळायला हा एक माणूस पुरे. देव मानूनही गुणसूत्र जसं आहे तसं वाचता येतं. तुमच्या घरात देव आहेत की नाहीत, तुम्ही उपास करता की नाही, हे तिला खरं काय ते सांगा. तुमचं स्वतःचं ठरलेलं नसेल तर तेही सांगा. नववीतल्या मुलीला आईचं "मला नक्की माहीत नाही" झेपतं. न झेपणारी गोष्ट असते आईने ठोकून दिलेलं उत्तर.

धाकट्याची बाब वेगळी आहे. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून त्याच्या शाळेने "ब्लूबॉनेट" नावाचा अभ्यासक्रम घेतलेला दिसतो. राज्याच्या शिक्षण खात्याने तो तयार केला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मंडळाने ८ विरुद्ध ७ मतांनी मंजूर केला. तो शाळांवर सक्तीचा नाही, पण घेतला तर दर मुलामागे ६० डॉलरपर्यंत जादा मिळतात, आणि इतका पैसा कुठल्या शाळेला नको असतो? त्यात बालवर्गात येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला नियम आहे (लोकांनी आपल्याशी जसं वागावं वाटतं, तसं आपण त्यांच्याशी वागावं), दुसरीत एस्तेर आहे, पाचवीत दा विंचीच्या चित्राच्या निमित्ताने येशूचं शेवटचं भोजन.

गोष्टींना माझा विरोध नाही. उलट त्या माहीत नसतील तर तुमच्या मुलाला लिंकनचं भाषण किंवा मार्टिन ल्युथर किंगचं तुरुंगातलं पत्र अर्धंच कळेल. घरात "रामायण घडलं" म्हणजे काय, शकुनीमामा कुणाला म्हणतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याला मराठी येते असं आपण म्हणू का? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये शाळेतलं बायबलवाचन आणि प्रार्थना बंद करताना हेही स्पष्ट लिहिलं होतं की साहित्य किंवा इतिहास म्हणून, तटस्थपणे, बायबलचा किंवा धर्मांचा अभ्यास करायला हरकत नाही. तेव्हा तुम्ही पुस्तक घेऊन बसा आणि दोन गोष्टी बघा. एक, वाक्य कुणाच्या तोंडचं आहे: "ख्रिस्ती लोक असं मानतात" असं लिहिलंय, की मानणारा गाळून घडलेली घटना म्हणून सांगितलंय? दुसरी, बाकीचे धर्म कुठे आहेत आणि किती ओळींत. ब्लूबॉनेटवरचा मुख्य आक्षेप याच दुसऱ्या गोष्टीचा आहे, आणि तो मला पटतो.

भिंतीवरच्या दहा आज्ञांचं मात्र मी समर्थन करणार नाही. २०२५ च्या कायद्याने टेक्ससच्या प्रत्येक सरकारी वर्गात निदान १६ बाय २० इंचांचं ते पोस्टर लावायचं ठरलं. ज्या कुटुंबांनी लगेच कोर्टात धाव घेतली त्यांत ज्यू होते, ख्रिस्ती होते, कुठलाच धर्म न मानणारे होते, आणि हिंदूही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका संघराज्य न्यायाधीशांनी त्या पालकांच्या शालेय जिल्ह्यांपुरती (स्कूल डिस्ट्रिक्टपुरती) कायद्याला स्थगिती दिली. कोर्टाचं कोर्ट बघून घेईल. तुम्ही त्या पोस्टरवरचा मजकूर वाचा. आपल्याखेरीज दुसरा देव मानू नकोस, कोरीव मूर्ती करू नकोस. सात वर्षांचा मुलगा हे रोज वाचतो आणि भाद्रपदात आजोबांच्या मांडीवर बसून शाडूच्या गणपतीला डोळे काढतो. इथे इतिहास नाही, साहित्य नाही, भिंतीवरून थेट हुकूम आहे. तो विचारेल तेव्हा सांगा, ही काही लोकांच्या धर्मातली आज्ञा आहे, आपल्या घरातली नाही, आणि ते लोक वाईट नाहीत.

मुलाला त्या धड्यातून उठवायचं का? टेक्ससच्या कायद्यात सोय आहे. धार्मिक किंवा नैतिक कारणासाठी पालक लेखी देऊन मुलाला एखाद्या उपक्रमातून तात्पुरतं वगळू शकतात, परीक्षा टाळण्यासाठी किंवा अख्ख्या सत्रासाठी नाही. पण एस्तेरच्या गोष्टीसाठी ही सोय वापरू नका. दुसरीतलं पोर एकटं लायब्ररीत जाऊन बसतं तेव्हा बाकीच्या वीस पोरांना एवढंच कळतं की हा वेगळा आहे. वर्गात प्रार्थना म्हणून घेऊ लागले, तर तो हक्क जरूर बजावा.

आता अप्पा. (तुम्ही सासऱ्यांना काय म्हणता माहीत नाही, मी अप्पा म्हणते.)

दशावताराच्या बाबतीत ते एकटे नाहीत. २०१९ मध्ये जालंधरच्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या तेव्हाच्या कुलगुरूंनी व्यासपीठावरून हेच सांगितलं होतं. मासा, कासव, डुक्कर, अर्धा सिंह, बुटका माणूस, पूर्ण माणूस: क्रम बघून मजा वाटते, नाही कशाला म्हणू. पण पुढे नेलं की घोटाळा सुरू होतो. परशुराम हा रामाच्या आधीचा अवतार, आणि सीतेचं लग्न झाल्यावर तो रामाच्याच समोर येऊन उभा राहतो. नववा अवतार बुद्ध म्हणावा, तर महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या चित्रांत त्या जागी विठ्ठल आहे. उत्क्रांतीत मासा कासव होत नाही आणि कासवाचं डुक्कर होत नाही. ती शिडी नाही, फांद्यांचा पसारा आहे, आणि मासे अजून आहेतच. अप्पांना एकच विचारा: उद्या जमिनीत काय सापडलं तर दशावतार चुकीचा ठरेल? काहीच नाही, आणि तसं काही सापडायला नकोही. तो कोकणातल्या देवळापुढे रात्रभर जागून बघायचा, त्याला डार्विनचं सर्टिफिकेट कशाला? डोव्हरच्या त्या पुस्तकानेही हेच केलं होतं, श्रद्धेला प्रयोगशाळेचा कोट चढवला होता. त्यात श्रद्धेचीच शान जाते, असं माझं मत.

आणि शाळेत धर्म शिकवत नाहीत ही अप्पांची तक्रार मला खरी वाटत नाही. ते स्वतः शाळेत काय शिकले ते विचारा. ज्ञानेश्वरांच्या ओव्या, तुकोबांचे अभंग, एकनाथांची भारुडं मराठीच्या पुस्तकात होती. मास्तर अर्थ सांगायचे, मग संदर्भासह स्पष्टीकरण. टाळ कुणी वाजवला नाही आणि बुक्काही लावला नाही. शेजारच्या बाकावरचा मुसलमान मुलगाही तेच स्पष्टीकरण लिहायचा आणि कधीकधी अप्पांपेक्षा जास्त मार्क मिळवायचा. रेव्हरंड टिळकांची कविता हिंदू मुलांनी पाठ केली आणि त्यात कुणी बाटलं नाही. फादर स्टीफन्सनी गोव्यात ओवीबद्ध मराठीत लिहिलेलं ख्रिस्तपुराण १६१६ चं, त्याचा मराठी भाषेबद्दलचा तुकडा कित्येकांना तोंडपाठ असतो. याला म्हणतात धर्माबद्दल शिकवणं. महाराष्ट्राने ते अनेक वर्षं, फारसा गाजावाजा न करता, केलंय.

याच्या पुढचं पाऊल टाकलं की गणित बदलतं. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय पाठ करून घ्यायची सूचना आली, आणि गदारोळ झाला. मनाचे श्लोक मला स्वतःला प्रिय आहेत. पण ते कविता म्हणून शिकवणं वेगळं आणि संस्कार म्हणून वर्गाकडून घोकून घेणं वेगळं. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमात हा फरक आहेच: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत संमतीवाचून सक्ती नाही. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, शाळेने त्याची वरची वेतनश्रेणी अडवली, आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. टेक्ससचं हिंदू कुटुंब पोस्टरविरुद्ध कोर्टात जातं तेव्हा आपल्याला अभिमान वाटतो. मिरजेतल्या ख्रिस्ती आईने उद्या तेच केलं, तर अप्पा कुणाच्या बाजूने असतील? टेबलावर हा प्रश्न ठेवा, पण वाढून झाल्यावर.

त्यांच्यापुढे आणखी एक गोष्ट ठेवता येईल. टेक्ससमध्ये एवढं सगळं होऊनही नववीत उत्क्रांती आहे. आपल्याकडे एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून ती निघाली. कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करायचा, हे कारण. २०२३ मध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या बायॉलॉजीत ती आहे, पण दहावीनंतर कॉमर्सला गेलेल्या मुलाने डार्विन कुठे वाचायचा? निदान डोव्हरमध्ये निवेदन वाचायला कुणाला तरी वर्गात यावं लागलं होतं.

आता ईमेल. लिहिण्याआधी लेकीची वही बघा आणि बाईंनी नंतर काय शिकवलं ते विचारा. सुरुवातीला ती तीन वाक्यं बोलून पुढे त्यांनी धडा चोख शिकवला असेल, तर ईमेलची गरजच नाही. वरवर उरकला असेल तर साधारण असं लिहा, इंग्रजी तुमचं तुम्ही करालच:

«माझी मुलगी तुमच्या वर्गात आहे. उत्क्रांतीचा भाग सुरू झाल्याचं तिने सांगितलं. यात कोणते मुद्दे येणार आहेत आणि राज्य परीक्षेसाठी कशावर भर द्यावा, ते कळवाल का? "फक्त एक थिअरी" असं काही वर्गात बोलणं झाल्याचं तिच्याकडून कळलं. वैज्ञानिक थिअरी कशी तपासली जाते हे तुम्ही वर्गात उलगडून सांगितलंत तर तिला फार उपयोग होईल. तुमच्या श्रद्धेबद्दल आम्हाला आदर आहे.»

प्रत कुणालाही पाठवू नका, मुख्याध्यापकांनाही नाही. आठवडाभरात उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर मग मुख्याध्यापक, त्यानंतर शालेय जिल्ह्याचा अभ्यासक्रम विभाग. पोस्टरचा आणि ब्लूबॉनेटचा मुद्दा बाईंकडे काढू नका, तो त्यांच्या हातात नाही. तो स्कूल बोर्डाच्या सभेत मांडायचा, तिथे सामान्य माणसाला दोन-तीन मिनिटं बोलता येतं. यजमानांना वकिलाची फी वाचवून तिथे पाठवा.

आणि एखाद्या शनिवारी सगळ्यांना घेऊन ग्लेन रोजला जा, डॅलसहून दीड-पावणेदोन तासांवर. तिथल्या डायनासोर व्हॅली पार्कमध्ये पलक्सी नदीच्या पात्रात सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीचे डायनासोरचे ठसे उघड्यावर आहेत. त्यांच्या शेजारी माणसाच्या पावलांचे ठसे आहेत, म्हणजे माणूस आणि डायनासोर एकत्र नांदले, असं क्रिएशनिस्ट कित्येक वर्षं सांगत आले. १९८० च्या दशकात नीट पाहणी झाली तेव्हा कळलं की ते डायनासोरचेच लांबट ठसे आहेत, बोटांच्या खाचा चिखलाने बुजलेले. काही तर १९३० च्या दशकातल्या मंदीच्या काळात गावकऱ्यांनी विकण्यासाठी दगडात कोरले होते. पार्काजवळच क्रिएशनिस्टांचं म्युझियमही आहे. अप्पांना दोन्हीकडे न्या आणि कुठे काय पटलं ते लेकीला त्यांच्याशी बोलू द्या. निघण्याआधी पार्काकडे नदीच्या पाण्याची चौकशी करा. पाणी चढलेलं असलं की ठसे दिसत नाहीत. उन्हाळा सरताना पात्र उघडं पडतं, तेव्हा जाणं बरं. पाण्यात उतरायला चालतील असे बूट न्या, अप्पांसाठी काठीही.